पडदा मुंगीच्या हातात

मुंगीने बापाला तोंडावर सांगून टाकलं, "बाबा, या वर्षी गॅदरिंगला तुम्ही येऊ नका."

सकाळची वेळ. बाप दाढी करत होता. करत होते असं म्हणायला हवं खरं, कारण हा बाप साधासुधा नव्हे, अख्ख्या प्रभागाचे भाऊ. दोनदा निवडून आलेले, तिसऱ्यांदा उभे. नळाला पाणी आलं नाही तरी लोक भाऊंकडे धावत आणि नळ फुटून पाणी जास्त झालं तरी भाऊंकडेच. गल्लीबोळातून ज्यांना लोक हाका मारमारून बोलावतात, त्यांना पोटची पोर म्हणते येऊ नका. भाऊंचा हात गालावरच थांबला.

"का गं?"

"असंच," मुंगी दप्तराचा बंद ओढत म्हणाली. मुंगी हे तिचं घरातलं नाव. अंगापिंडाने एवढीशी, पण एकदा एखादं ओझं उचललं की ते आपल्यापेक्षा मोठं आहे हे तिला कोणी पटवू शकत नसे. ती 'असंच' म्हणाली की विषय संपला, पुढे तोंडाला कुलूप.

भाऊंनी बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" ती डब्याचं झाकण दाबत म्हणाली. "साऱ्या जगाच्या तक्रारी ऐकता, एक हिचीही ऐका की कधीतरी."

मतदान तोंडावर आलं होतं. शाळेचं गॅदरिंग म्हणजे एका जागी बसलेले शेकडो आईबाप, हे भाऊंना कोणी शिकवायला नको. पण त्या दिवशी मनाला टोचत होतं ते वेगळंच. लेकीला आपण नको आहोत. पुढाऱ्याला अशा वेळी एकच औषध ठाऊक असतं, कोणाचा तरी संशय घेणं. नक्की कोणीतरी पोरीचे कान भरले असणार. आणि कोणीतरी म्हणजे अर्थातच शाळेच्या नव्या मोठ्या बाई.

त्यालाही कारण होतं. गॅदरिंगला उमेदवारांना स्टेजवर बसवायचं की नाही, यावरून पालकसभेत नुकतीच रणधुमाळी झाली होती. "ज्यांनी शाळेला छप्पर घातलं त्यांनी छपराखाली बसायचं नाही?" असं एक बाजू म्हणे. "छप्पर काय त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून काढून दिलं?" असं दुसरी. नाटकावरूनही भांडण झालं. मुलांचं नाटक होतं एका हरवलेल्या छत्रीचं. कोणीतरी शोध लावला की छत्री ही पलीकडच्या उमेदवाराची निशाणी आहे. छत्रीऐवजी किटली केली, तर किटलीही कोणाची तरी निघाली. निवडणूक आली की घरातल्या साध्या वस्तूही साध्या राहत नाहीत. शेवटी मोठ्या बाईंनी विचारलं, "मोजा कोणाची निशाणी आहे का?" कोणाची नव्हती. नाटक झालं 'हरवलेला मोजा'. आणि त्याच सभेत त्यांनी जाहीर केलं की या वर्षी स्टेजवर खुर्च्याच मांडायच्या नाहीत, ना या उमेदवाराला, ना त्याला.

भाऊ तडक शाळेत गेले. मोठ्या बाई वयाने त्यांच्यापेक्षा लहान, आणि आवाज इतका हळू की ऐकणाऱ्याला आपला आवाज आपोआप खाली आणावा लागे. ज्याची सगळी कमाई आवाजावरची, त्याची तिथे पंचाईत.

"मी मतं मागणार नाही, बाई. नुसता बसेन."

"तुम्ही नुसते बसलात तरी मतंच मागता, भाऊ. आता तुमचा चेहराच तसा झालाय," बाई हसून म्हणाल्या. त्या हसण्यात टोमणा नव्हता, म्हणून भाऊंनाही हसू आलं. "छप्पर तुम्ही घातलंत, मुलं विसरलेली नाहीत. निकाल लागल्यावर या, मी स्वतः स्टेजवर तुमचं कौतुक करीन. जिंकलात तरी आणि हरलात तरी. पण आत्ता नको. आपलं लेकरू स्टेजवर यायचं असलं की आईबापांना उठून जाता येत नाही हो. अशा अडकलेल्या माणसांना आपलं ऐकवायचं, हे बरं नाही दिसत."

"आणि मी बाप आहे त्याचं काय? मी माझ्या लेकीचं काम बघायचं नाही?"

"काय काम आहे तिचं?"

प्रभागातल्या प्रत्येक खांबावरचा दिवा चालू की बंद हे भाऊंना पाठ होतं. लेक नाटकात काय करणार हे माहीत नव्हतं.

"पडदा ओढणार आहे," बाईंनीच सांगितलं. "मोज्याच्या बहिणीचं काम देत होते, नको म्हणाली. पडदा तिने हट्टाने मागून घेतला."

"पडदा? माझी मुलगी पडदा ओढणार?" भाऊंचा आवाज चढू पाहत होता, पण बाईंच्या खोलीत तो चढेना.

"दोर जड आहे. मागे मदतीला एक पालक लागतो. मुंगी हो म्हणाली तर तुम्ही या. फक्त, तिथून तुम्ही कोणाला दिसणार नाही."

न दिसण्याचं आमंत्रण भाऊंना आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होतं. आणि तेही लेकीने मंजूर केलं तर.

संध्याकाळी त्यांनी मुंगीसमोर अर्ज ठेवला. लोक त्यांच्यासमोर उभे राहतात तसे ते उभे राहिले, म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर. मुंगीने बराच वेळ पेन्सिल चावली. मग अटी घातल्या. फोन घरी ठेवायचा. पडद्याच्या फटीतून बाहेर डोकवायचं नाही. मी सांगितल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही.

"आणि मध्येच जायचं नाही." हे म्हणताना तिने वर पाहिलं नाही.

"कबूल," भाऊ म्हणाले. बायको आतून म्हणाली, "वचननामा आहे हो हा. नेहमीचा नव्हे, खरा."

गॅदरिंगच्या दिवशी भाऊ स्टेजच्या कडेला एका उलट्या खोक्यावर बसले. तिथे डिंकाचा आणि पावडरीचा वास कोंडला होता. मोजे झालेली पोरं एकमेकांच्या लोंबत्या टोकांवर पाय देत होती, एक बाई तोंडात पिना धरून बोलत होत्या आणि ते सगळ्यांना समजत होतं. वरच्या कप्पीवरून आलेला दोर मुंगीच्या मुठीत होता. भाऊंना वाटलं होतं, पडदा ओढायचा म्हणजे ओढायचा, त्यात काय मोठंसं. पण पडदा अर्ध्यावर एका कडीत अडकायचा. तिथे मुंगी जोर लावत नसे. दोर थोडा सैल सोडून, कडी मोकळी झाली की अलगद पुढे घ्यायची. बाहेरच्यांना काहीच कळत नसे, आणि कळू नये यासाठीच सगळा खटाटोप होता. प्रत्येक पात्राचं प्रत्येक वाक्य तिच्या ओठांवर आधी हलायचं. अख्खं नाटक पाठ होतं पोरीला. भाऊ तिच्याकडे बघत राहिले. किती दिवसांनी, किती महिन्यांनी ते तिला इतका वेळ सलग बघत होते, कोण जाणे. त्यांचा ऊर भरून आला.

मोज्याचं गाणं सुरू होणार, तेवढ्यात मागचं दार करकरलं आणि सावली आत आला. सावली म्हणजे भाऊंचा उजवा हात. सदा मागे मागे असायचा म्हणून हे नाव.

"भाऊ, साहेब आलेत!" तो धापा टाकत कुजबुजला. साहेब म्हणजे पक्षाचे सर्वांत मोठे नेते, ज्यांच्या एका शब्दावर भाऊंची उमेदवारी उभी होती. "इथूनच चालले होते, गर्दी बघून गाडी थांबवली. मोठ्या बाई दारात आडव्या उभ्यात. पण तुम्ही म्हणालात तर काय बिशाद आहे? पाचच मिनिटं. पडदा पाडा, साहेब दोन शब्द बोलतील, की परत चालू."

भाऊ उठले. सवयच तशी होती, साहेब म्हटलं की पाय आधी उठत, डोकं मागून येई. त्यांनी दोराकडे पाहिलं.

मुंगीने दोर दोन्ही मुठींत आवळला होता. "मी नाही पाडणार."

"अगं बाळ, पाच मिनिटं फक्त," सावली म्हणाला. "मग पहिल्यापासून करा की परत."

"परत कोणी करत नसतं." पडद्यामागे मोठ्याने बोलायचं नाही हा नियम तिने या वेळीही पाळला. म्हणून तिचा आवाज अगदी बारीक आला. "मागच्या वर्षी पण म्हणाले होते, परत करू. नाही केलं. पडदा माझ्याकडे असला की मध्येच कोणाला थांबवता येत नाही. म्हणून मी पडदा घेतला."

भाऊंना मागचं वर्ष आठवलं. उशिरा पोचलेले ते, मागे कार्यकर्त्यांची फौज. गाणं बंद झालं, रांगेत थांबलेली मुलं कडेला सरकवली गेली. पुष्पगुच्छ, भाषण, टाळ्या. त्याआधी, स्टेजवर चढताचढताच, त्यांनी लेकीला जवळ ओढून फोटो काढून घेतला होता. तो फोटो या वेळी पत्रकावर छापून घरोघरी गेला होता. त्यात मुंगीचा एक हात वर होता. पोरगी लोकांना हात करतेय, हाडाची पुढारी आहे, असं ते ज्याला त्याला कौतुकाने सांगत आले होते. ती हात करत नव्हती. ती नाचत होती. एकटीचा नाच होता तिचा, आणि नुकता कुठे सुरू झाला होता. भाषण लांबलं, वेळ उरला नाही, पुढे एकदम बक्षिसंच वाटली.

भाऊ खोक्यावर परत बसले.

"साहेबांना सांग, मागे उभं राहून नाटक बघता येईल. छान आहे."

"आणि तुम्ही कुठे म्हणून विचारलं तर?"

"लेकीच्या हाताखाली काम करतोय म्हणावं."

"भाऊ, साहेब चिडले तर सगळं हातचं जाईल! इतक्या वर्षांची मेहनत..."

"जाऊ दे," भाऊ म्हणाले. साहेब कशा कशाची आठवण ठेवतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? सावलीने हात जोडले आणि तो गेला. थोड्या वेळाने बाहेर गाड्यांची दारं आपटल्याचा आवाज आला, मग हॉर्न, मग तोही लांब गेला. स्टेजवर मोज्याने दुसरं कडवं चुकून दोनदा म्हटलं आणि लोक पोट धरधरून हसले.

शेवटच्या प्रवेशाला मुंगीने मान न वळवता म्हटलं, "बाबा, आता धरा."

भाऊंनी दोर धरला. तिने सैल सोडला तिथे सैल सोडला, ओढला तिथे ओढला. पडदा मिटला. पलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलं आरडाओरडा करत आपापल्या आईबापांकडे पळाली. पडद्याच्या अलीकडे रिकामं स्टेज उरलं, आणि ही दोघं.

मुंगीने मुठी उघडल्या. तळवे लालेलाल झाले होते. भाऊंनी ते आपल्या हातात घेतले आणि हळूहळू चोळले.

"आता जा तुम्ही," ती समजूतदारपणे म्हणाली. "संपलं सगळं. आता चालेल."

"मला तुझा नाच बघायचाय. मागच्या वर्षीचा."

"आत्ता? गाणं नाहीये."

"नसू दे."

तिने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मोठी माणसं थट्टा करतायत की काय हे मुलं बघतात तसं. मग स्टेजच्या मधोमध गेली. भाऊ पुढ्यातच जमिनीवर मांडी घालून बसले. इतक्या जवळून त्यांनी कुठलाही कार्यक्रम पाहिला नव्हता. मुंगी मनातल्या मनात गाणं म्हणत नाचू लागली, नुसत्या पावलांचा आवाज येत होता. एक गिरकी घेऊन तिने हात वर केला आणि थांबली.

हात वरच राहिला. तोंड कसंनुसं झालं.

"बाबा, पुढचं मी विसरले."

डोळे पुसायलाही भाऊंना हात उचलवेना. बाहेरून सावलीच्या हाका येत होत्या, "भाऊ! अहो भाऊ!" लोक विचारत होते, भाऊ आत आहेत का. भाऊंनी ओ दिली नाही.

"आठव सावकाश," ते म्हणाले. "मला कुठे जायचं नाहीये."

मुंगी हात तसाच ठेवून छताकडे बघत उभी राहिली. ओठ हलत होते. मग तिने डावं पाऊल जरा पुढे टाकून पाहिलं, नाही म्हणून मागे घेतलं, आणि उजवं टाकलं.