गप्प शेड

"मामा, ह्या शेडमध्ये रेडिओ नाही, शिट्टी नाही, गाणं नाही. काही म्हणजे काही नाही!" डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

कोंबड्यांची ही डॉक्टरीण वयाने मामांच्या मुलीएवढी, पण शिस्तीला कडक. मामा मुकाट्याने मान डोलावत होते. करतात काय! हे दुखणं त्यांनीच ओढवून घेतलं होतं. शेडचं वायरिंग बदलताना मालक म्हणाले, "हा रेडिओ आता काढून टाका." त्यावर मामा उसळून म्हणाले होते, "माझ्या कोंबड्या गाण्यावर अंडी घालतात. रेडिओ गेला तर अंडी हलकी होतील, सांगून ठेवतो!" मालक हसले. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. "बघू या की तपासून," म्हणाल्या.

मग एका वयाच्या कोंबड्या चिठ्ठ्या टाकून दोन शेडमध्ये वाटल्या. खाद्य तेच, पाणी तेच, दाणे टाकणारे मामाही तेच. रेडिओ फक्त पहिल्या शेडमध्ये.

"पण बाई, दोन अंडी कधी एका वजनाची असतात का?"

"नसतातच. एकाच शेडमध्येसुद्धा आज-उद्यात फरक पडतो. म्हणून तर इतकी अंडी तोलायची. दोन्ही शेडची सरासरी काढायची आणि बघायचं, त्यांच्यातला फरक उगीच पडतो तेवढाच आहे, की त्याहून मोठा. मोठा निघाला, तर तुमच्या रेडिओला कुणी हात लावणार नाही."

मामा खूश झाले. निकाल काय लागणार याची त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

पंचाईत झाली ती दुसऱ्या शेडची. पहिल्या शेडमध्ये नुसता कल्लोळ. दुसऱ्यात पाऊल टाकलं की सगळ्या माना एकदम वर व्हायच्या आणि हा माणूस मुक्यासारखा दाणे टाकून निघून जायचा. मामांना चोरासारखं वाटायचं. काही दिवस त्यांनी ओठ घट्ट मिटून काढले. मग एका सकाळी एक तुरेवाली त्यांच्या चपलेवर येऊन उभी राहिली आणि हलेचना. "काय गं बये?" मामा पुटपुटले. तिथून गाडी जी घसरली, ती गाण्यावर जाऊन थांबली, आणि मग ते रोजचंच झालं.

अंडी गोळा करायला आलेल्या मामींनी त्यांना रंगेहाथ पकडलं.

"अहो! बाईंनी काय सांगितलंय?"

"परीक्षा रेडिओची चाललीय. मी काय रेडिओ आहे?"

"रेडिओ निदान बंद तरी करता येतो," मामी म्हणाल्या आणि ट्रे उचलून चालू लागल्या.

हंगाम संपला. डॉक्टरीणबाई आल्या त्या पडलेल्या चेहऱ्याने. "मामा, वाईट वाटतं सांगायला. दोन्ही सरासऱ्या जवळपास सारख्याच. जो काही फरक आहे, तो असाच पडणारा. आवाजाने कोंबड्यांना काही फरक पडतो असं दिसत नाही, असंच लिहावं लागेल मला."

रेडिओ जाणार याचं मामांना दुःख होतंच. पण बाई हे असं लिहिणार, चार ठिकाणी लोक वाचणार, आणि कुठकुठल्या शेडमधली गाणी बंद होणार! त्यांना राहवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"मामा!" बाईंनी कपाळाला हात लावला. "सगळं मुसळ केरात! अहो, दोन्ही शेडना गाणी मिळाली तर फरक दिसणार कुठून?" मग म्हणाल्या, "पुन्हा करू या. मालकांना मी समजावते. ह्या वेळी दुसऱ्या शेडवर माणूस मात्र दुसरा."

"गप्प राहणारा?"

"अगदी गप्प. कदाचित तुमचंच खरं निघेल, मामा."

मामांनी जाळीतून आत पाहिलं. "माझं खरं निघायला निम्म्या जणींनी आणखी एक हंगाम मुक्यानं काढायचा? नको बाई. न्या तो रेडिओ. फक्त फरक पडत नाही असं लिहू नका. कळलं नाही, असं लिहा."

"तसंच लिहीन," बाई म्हणाल्या.

रेडिओ गेला. मामा दोन्ही शेडमध्ये गाऊ लागले, आणि आठवड्याभरात गळा पार बसला. मामींनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. "दोन शेड आणि एक गळा! काही हिशेब आहे का माणसाला?"

दुसऱ्या दिवशी मामा खाद्याचं पोतं खांद्यावर घेऊन दुसऱ्या शेडपाशी आले आणि दाराशीच थबकले. आतून मामींचा आवाज येत होता. हलका, जरासा चाचरणारा. इतक्या वर्षांच्या संसारात मामांनी तो गाताना कधी ऐकला नव्हता. आपण आत गेलो तर ती थांबेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खांदा भरून आला, तरी पोतं खाली न ठेवता ते बाहेरच उभे राहिले.