आईला न्यायला आलेल्या दोघी

आईच्या डोळ्यांनी दगा दिला आणि तिला एकटीनं राहणं अवघड झालं. परवा पेटत्या शेगडीवरच तिचा हात पडला. ते कळताच दोन्ही मुली तिला न्यायला आल्या, आणि पहिल्या चहालाच दोघींची जुंपली.

थोरलीच्या शहरात प्रत्येक खोलीच्या छताला यंत्र असतं. आवाज चढला की नोंद होते. नोंदी साचल्या की लहान घरात जावं लागतं. तिथली माणसं म्हणूनच हसऱ्या चेहऱ्यानं, कुजबुजत भांडतात. धाकटीच्या शहरात यंत्र नाही. तिथे दिवेलागणीला दार उघडं टाकायचं. शेजारी येऊन बसतात आणि आज घरात काय बोलणं झालं ते विचारतात. आपापल्या शहराचा दोघींना अभिमान होता. मान वाकवून वर अभिमान बाळगायचा तर मेहनत लागते, आणि त्या मेहनतीला या दोघी कधी कंटाळल्या नाहीत.

"आमचं यंत्र निदान चहा तरी मागत नाही," थोरली म्हणाली.

"आजारपणात डबाही आणत नाही, ताई. आमच्याकडे माणसं बघतात. आपली माणसं."

"हो ना! नवऱ्याशी अबोला धरलास तर सकाळी गल्लीभर झालं."

"झालं आणि मिटलंही. तू तर भाऊजींच्या घोरण्याची नोंद होते म्हणून त्यांना जिन्यात झोपवतेस!"

आईची बॅग भरलेली होती. सगळ्यात वर नवऱ्याचा फोटो. हा गृहस्थ आयुष्यभर "हं"च्या पुढे बोलला नाही. तो होता तोवर ती त्याला अहो-जाहो करायची. तो गेल्यापासून रोज संध्याकाळी फोटोसमोर बसून अरे-तुरे करत, शिव्यांसकट, त्याचा खरपूस समाचार घ्यायची. तिचं तेवढंच सुख उरलं होतं.

"एवढंच सांगा," ती म्हणाली, "तुमच्या बापाला मी कुठे झापू?"

थोरलीनं छताकडे पाहिलं. तिथे फक्त पंखा होता. "हळू बोल गं," ती पुटपुटली. "मनातल्या मनात झाप."

"माझ्याकडे खुशाल झाप," धाकटी म्हणाली. "शेजाऱ्यांसमोर."

"आणि शिव्या?"

"त्या जरा गाळून."

रस्त्यावर दिवे लागले. धाकटी उठली, दार सताड उघडून परत येऊन बसली. इथे कुणीही येणार नव्हतं.

आई चाचपडत गेली. दार लावून कडी घातली. बॅगेतून फोटो काढला, भिंतीवरचा खिळा बोटांनी शोधला आणि फोटो वाकडातिकडा टांगला.

"बघ रे हरामखोरा," ती खच्चून ओरडली, "काय पोरी दिल्यास मला! एकीला छताची भीती, दुसरीला दाराची!"

"आई," धाकटी घाबरून म्हणाली, "मला हे तिकडे सांगावं लागेल."

"सांग की. मी इथेच राहते. जाताना शेगडी बंद आहे का, तेवढं बघून जा."

थोरली अजून पंख्याकडे बघत होती, धाकटी दाराकडे. शेगडी बघायला कुणीच उठलं नाही.