सासरे, शेकाट्या आणि स्थिर पाणी

जावई दवाखान्यात एक्स-रे काढायचा. दिवसभर लोकांना "श्वास घ्या, रोखा, हलू नका" सांगून सांगून त्याला न हलणाऱ्या गोष्टींबद्दल फार आदर वाटायला लागला होता. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तो पाणपक्ष्यांचे फोटो काढायचा. पक्षी हलतात, हे त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी दुपारी तो कॉम्प्युटरसमोर बसून एका शेकाट्याला चौकटीत बसवत होता. शेकाट्या म्हणजे दोन लांब लाल काड्यांवर ठेवलेला काळा-पांढरा पक्षी. खाली पाण्यात तोच, उलटा. पायांना पाय जोडलेले आणि पाण्यावर एक सुरकुती नाही. पक्षिमित्र मंडळाने हा फोटो स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत घेतला होता. जिंकला, तर भिंतीएवढा होऊन ग्रंथालयात लागणार होता.

घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. शेवटच्या फेरीतल्या फोटोचं न कापलेलं मूळ, शिवाय त्याच्या आगेमागे काढलेले सगळे फोटो मंडळाला द्यावे लागत, आणि ते भर सभेत पडद्यावर दाखवले जात. पूर्वी एका सभासदाने आपल्या बदकामागे दुसऱ्याच तळ्यावरचा सूर्यास्त चिकटवला होता. बदकाची सावली सूर्याच्याच दिशेने पडली, आणि त्या दिवसापासून मंडळाचा कुणावर विश्वास उरला नाही.

मूळ फोटोत वरच्या बाजूला सासरे होते.

महिन्यापूर्वी ते हौसेने सोबत आले, पलीकडच्या काठाने फिरायला गेले आणि गाळात रुतले. जावयाने त्यांना ओढून काढलं, हे खरं. "मी हाक मारायचा अवकाश, जावईबापू हजर!" असं सासरे तेव्हापासून शेजाऱ्यांना, दूधवाल्याला आणि चुकून फोन लागलेल्या माणसांनाही सांगत होते. बायको तर नवऱ्याला न मागता दुसरा चहा द्यायला लागली होती.

पण फोटो अकरा होते आणि प्रत्येकावर वेळ होती. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत एक मिनिट चाळीस सेकंद.

"झाला का पक्षी?" सासरे खोलीत आले आणि खुर्चीमागे उभे राहिले.

"होतोय."

"हे पिवळं काय?"

जावयाने वरचा भाग कापून सासऱ्यांना बाहेर काढलं होतं. पण माणूस कापला तरी त्याचं प्रतिबिंब खाली पाण्यात उरतं, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"शेवाळ असेल."

"शेवाळाला बटणं?" सासऱ्यांनी आपल्या पिवळ्या स्वेटरकडे पाहिलं. "सगळा दाखवा बघू."

जावयाने दाखवला. मग सासऱ्यांनी बाकीचे मागितले, तेही दाखवले. पहिल्या फोटोत सासरे गुडघ्यापर्यंत पाण्यात, हात वर. तिसऱ्यात मांड्यांपर्यंत. त्यांच्या धडपडीने उठलेले तरंग शेकाट्याच्या पायाशी आलेले, प्रतिबिंबाच्या चिंध्या झालेल्या. पाचव्यात कमरेपर्यंत, तोंड उघडं. शेकाट्या कंटाळलेला.

"हाक ऐकू आली होती?"

"आली होती."

"मग?"

"म्हटलं, तरंग थांबतील."

पुढचे फोटो सासऱ्यांनी स्वतःच बटण दाबून पाहिले. नवव्यात ते छातीपर्यंत होते, हात खाली, आणि पाणी काचेसारखं. स्पर्धेतला तो हाच.

"इथे एकदम शांत झालं की."

"हो."

"मी दमलो होतो," सासरे म्हणाले. "म्हटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे." त्यांनी चष्मा वर करून फोटो जवळून पाहिला. "चांगला आलाय हो."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर जावयाला बरं वाटलं असतं. "मी माघार घेतो," तो म्हणाला. "मूळ फोटो उडाले म्हणून कळवतो मंडळाला."

"आणि मी दूधवाल्याला काय कळवू?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "बाबा, त्याला काम करू द्या हो जरा!"

"करतोय तो!" सासरे ओरडले. मग हळू आवाजात म्हणाले, "मंडळाचं तुम्ही बघा. पण तिला आज सांगा, आणि तुम्हीच सांगा. मी सांगायला गेलो की गोष्ट रंगत जाते, माझा इलाज नसतो."

जावई दारापर्यंत गेला. "अगं, जरा आत येतेस?"

"आता? हात ओले आहेत माझे."

"असू देत. बस इथे."

ती पदराला हात पुसत खुर्चीत बसली. सासरे खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. जावयाने पहिला फोटो उघडला.

"अय्या, यात बाबा पण आहेत?" ती हसली. "काय करतायत ते?"

"हाक मारतायत," तो म्हणाला. "मला."