आत्याची पाठ

"गाडी येईलच एवढ्यात," लेक म्हणाली. "त्याआधी तुमचं अंग पुसून घेऊ."

आत्या खाटेवर पडून दाराकडे बघत होती. आईला दफन करून आठवडाही झाला नव्हता. पास्टरांनी ओळखीनं एका वृद्धाश्रमात आत्यासाठी जागा मिळवून दिली आणि लेकीनं लगेच होकार दिला. ती नर्स होती, ड्यूट्या असायच्या. पण खरं कारण ते नव्हतं.

वडील वारले तेव्हा याच आत्यानं भावजयीला आणि लहानग्या भाचीला घराबाहेर काढलं होतं. "भाऊ गेला, नातं संपलं," म्हणून दाराला कडी घातली होती. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागली. चादरी धुऊन धुऊन तिनं लेकीला शिकवलं. पुढे बऱ्याच वर्षांनी ती एका वॉर्डात चादरी पोचवायला गेली, तर कोपऱ्यातल्या खाटेवर नणंद. अर्धं अंग लुळं पडलेलं. तिला न्यायला कोणीच आलं नव्हतं. आई तिला घरी घेऊन आली.

त्या दिवशी लेक जेवली नव्हती. "हिनं आपल्याला रस्त्यावर आणलं, आई. विसरलीस?"

"विसरेन कशी?" आई भाजी चिरत म्हणाली. "पण प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्याला धरून देणारा यहूदाही तिथंच बसला होता. त्याचे काही वगळले नाहीत." मग हसून म्हणाली, "ताईंचे पाय तर बरेच स्वच्छ आहेत."

लेकीचा राग गेला नाही. ती नर्सेसच्या क्वार्टर्समध्ये राहायला गेली. चर्च सुटलं. घरी यायची ती उंबऱ्यापुरती. अशी सहा वर्षं गेली.

आता तिनं कोमट पाण्यात फडकं पिळलं, आत्याला कुशीवर वळवलं, गाऊनच्या नाड्या सोडल्या आणि तिचा हात तिथंच थांबला.

पाठीवर एकही जखम नव्हती. खांद्यांवर नाही, माकडहाडापाशी नाही, साधा लाल डागसुद्धा नाही. सुरकुतलेली, मऊ, धड कातडी. वॉर्डात तिनं पाठी पाहिल्या होत्या, महिनाभरात हाडापर्यंत सोलवटलेल्या, आणि तिथं तर तीन पाळ्यांच्या नर्सेस असायच्या. खाटेला खिळलेल्या माणसाची पाठ अशी राहायची तर कोणाला तरी दिवसरात्र, दर दोन-तीन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. त्या वळवणाऱ्याला एकही रात्र सलग झोप मिळत नाही.

"रात्री कोण वळवायचं तुम्हाला?" उत्तर ठाऊक असूनही तिनं विचारलं.

"तीच. दुसरं कोण आहे मला?" आत्याची जीभ जड होती. "वळवताना पुटपुटायची. मी म्हटलं, शिव्या देतेस ना? दे, मला लागूच आहेत. तर म्हणाली, नाही हो ताई, देवाजवळ तुमचं नाव घेते. तुम्हाला आशीर्वाद मिळतो आणि मला डुलकी लागत नाही."

लेकीनं फडकं परत पाण्यात टाकलं.

"मी तिला कधी माफ कर म्हटलं नाही," आत्या म्हणाली.

लेक खाटेपाशी गुडघ्यांवर बसली. प्रार्थना अशी डोळ्यांना दिसते, तिला हात लावता येतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तळहात त्या पाठीवर टेकवला. लहानपणी रिकाम्या चर्चमध्ये एकटीनं शिरताना छातीत जे व्हायचं, ते झालं.

बाहेर हॉर्न वाजला. ती उठून दारात गेली.

"तुम्ही जा," ड्रायव्हरला म्हणाली. "पास्टरांना मी फोन करते."

"जागा दुसऱ्याला जाईल, सिस्टर."

"जाऊ दे. त्यालाही गरज असेल."

ती परत आली तेव्हा आत्या त्याच कुशीवर अवघडून पडली होती. लेकीनं तिच्या कमरेखाली हात घातला.

"थांब," आत्या म्हणाली. "माझा हात तुझ्या मानेभोवती घे. सोपं जाईल."

लेक वाकली. आत्याचा एकच चालता हात चाचपडत वर आला, तिच्या गळ्यात पडला आणि त्या म्हातारीचं सगळं वजन लेकीच्या अंगावर आलं.