मला पित्त म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुनं जठर आहे. घाटनांदूरच्या छबुबाईच्या पोटात राहतो. माझा आवाज रागीट वाटेल. वाटू द्या. आयुष्यभर मला कुणी बोलूच दिलं नाही.

छबुबाई रांगत होती तेव्हाच, कुणाच्या तरी उष्ट्या घासातून म्हणा, पाण्यातून म्हणा, एक जंतू माझ्याकडे आला. मी ठेचा पचवतो, शिळी भाकरी पचवतो. पण हा माझ्या आम्लातही मरेना. अस्तरात घुसून बसला आणि मला आतून सोलत राहिला. मी जळायला लागलो, की छबुबाई म्हणायची पित्त झालं. शेजारणीही तेच म्हणायच्या. ऊसतोडीला गेली तरी खायच्या सोड्याची पुडी पदराला बांधलेली. मी ओरडायचो, ती सोडा पाजून मला गप्प करायची.

तिचा भाऊ बंकटही असाच पित्त पित्त करत राहिला. घास गिळेना, तेव्हा कुठे कळलं की जठराचा कॅन्सर आहे. तो गेला. हा जंतू असलेल्या सगळ्यांना कॅन्सर होत नाही; पण वर्षानुवर्षं सूज राहिली की धोका वाढतो.

शेवटी सून रोहिणीनं छबुबाईला अंबाजोगाईला नेलं. डॉक्टरांनी नळी घालून मला पाहिलं. कॅन्सर नव्हता. जखम होती, जंतू होता. दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या.

आणि छबुबाईनं काय केलं? जळजळ थांबताच उरलेल्या गोळ्या नवऱ्याला देऊन टाकल्या, त्यांनाही पित्त आहे म्हणून! संतापानं मी पिळवटून गेलो. जंतू मेला नव्हता, अर्ध्या औषधानं निर्ढावत होता.

रोहिणीला ते कळलं. "आत्याबाई, गोळ्या म्हंजे काय परसाद हाय का, घरभर वाटायला?"

"दुखायचं थांबलं की गं. मग कावून खाऊ?"

"बंकटमामा गेले तसं तुमाला बी जाऊ देऊ का मी?"

छबुबाई दुसऱ्या दिवशी आपणहून अंबाजोगाईच्या एस्टीत बसली. डॉक्टर लई रागावले, मग औषध बदलून दिलं. आता गोळी गिळेपर्यंत रोहिणी समोरून हलत नाही. औषध संपल्यावर पुन्हा तपासणी आहे. जंतू जाईल की नाही, मलाही सांगता येत नाही.

मित्रांनो, घरातलं कुणी रोज पोट दाबून बसत असेल, तर त्याला दवाखान्यात न्या. मिळालेलं औषध संपेपर्यंत त्यालाच घेऊ द्या. नवऱ्याला, मुलाला, शेजारणीला माया दाखवायला दुसरं पुष्कळ आहे. छबुबाईला मी एकच आहे.