डोळे मिटा म्हणणारी घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. देवळात टांगतात तसली नव्हे. थाळीसारखी चपटी, जाड, लाकडी हातोडीने बडवायची शाळेची घंटा. मित्रांनो, माझा आवाज मोठा आहे आणि आज माझा रागही मोठा आहे, तेव्हा नीट कान देऊन ऐका.

माझा जन्म भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तापलेलं पितळ साच्यात ओतलं, कडा घासल्या, वरच्या भोकात साखळी अडकवली आणि मला या शाळेत आणलं. नोकरीनिमित्त इकडे आलेल्या मराठी मंडळींनी ही शाळा काढली होती. मी वाजले की वर्ग भरत, मी वाजले की डबे उघडत. शेवटचा टोल पडला की पोरं अशी सुटत, की शिपाई वसंतराव भिंतीला चिकटून उभे राहत. मुलांचा माझ्यावर फार जीव होता, निदान शाळा सुटताना तरी. पुढे विजेची बेल आली आणि मला मोडक्या बाकांच्या खोलीत टाकलं. तिथे मी वर्षानुवर्षं धूळ खाल्ली, कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. वाईट वाटलं, पण राग नाही आला. राग यंदा आला.

यंदा शाळेत ‘मनःशांतीचा तास’ सुरू झाला. काही मुलांनी लहान वयात फार भयंकर गोष्टी सोसलेल्या असतात, त्यांच्या मनाला थोडा आराम मिळावा, म्हणून हा तास. हेतू चांगला होता, तेवढं मी मान्य करते. पाचवीच्या कांचन मॅडम त्याचं प्रशिक्षण घेऊन आल्या. त्यांना घंटा हवी होती, म्हणून मला बाहेर काढलं, चिंचेने घासलं आणि त्यांच्या टेबलावर चौकटीत टांगलं. आवाज मऊ यावा म्हणून हातोडीला फडकं गुंडाळलं. जन्मभर पोरांना पळायला लावणारी मी! आता मी वाजले की सगळ्यांनी डोळे मिटून शांत बसायचं.

भिंतीवर चेहऱ्यांचा एक फलकही लावला होता. ज्याला जसं वाटत असेल तसा चेहरा त्याने आपल्या नावापुढे चिकटवायचा, हसरा, रडका नाहीतर रागीट. क्षितिजा रोज रागीट चेहरा लावायची. मुख्याध्यापक विक्रांत सर फेरीवर आले की तो काढून हसरा लावायचे. “मॅडम, जरा पॉझिटिव्ह ठेवा ना. बाहेरचे लोक बघतात तो बोर्ड.” माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोरीला मनातलं सांगा म्हणायचं आणि तिने सांगितलं की पुसून टाकायचं!

ही क्षितिजा दहा वर्षांची, कोलार रोडवर राहणारी. गेल्या उन्हाळ्यात ती आणि तिची आई दुपारी झोपल्या असताना स्वयंपाकघरात गॅस गळून सिलिंडरने पेट घेतला. शेजाऱ्यांनी क्षितिजाला बाहेर काढलं. आईला दवाखान्यात नेलं, पण ती घरी परत आली नाही. हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर तिला पहिल्या बाकावर बसवलं होतं.

मी वाजले की सगळा वर्ग डोळे मिटायचा. क्षितिजाचे डोळे टक्क उघडे. मागून कोणीतरी हमखास ओरडायचं, “मॅडम, ही आँखें बंदच नाही करत!”

बाहेरून काही पाहुणे हा तास बघायला येणार होते, त्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. कांचन मॅडमना वाटलं, हिला जमत नाहीये, मदत करावी. त्या मागून आल्या आणि त्यांनी प्रेमाने तिच्या डोळ्यांवर तळवे ठेवले. क्षितिजा किंचाळली आणि मॅडमच्या हाताला कडकडून चावली. रक्त आलं.

झालं! सरांनी तिच्या वडिलांना, अमितरावांना, ऑफिसातून बोलावून घेतलं. बाकीच्या मुलांना मैदानावर पाठवलं आणि माझ्यासमोरच बोलणं सुरू झालं.

“हे बघा अमितजी, आम्ही समजतो तुमचं. पण परवा पाहुणे येतायत. तोपर्यंत तिला घरीच ठेवा. पुढच्या वर्षी ॲडमिशन द्यायची की नाही, ते नंतर बघू. अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात.”

“सर, घरी कोण आहे तिच्याजवळ?” अमितराव म्हणाले. “इथे येते तेवढीच चार माणसांत असते ती. शाळा नका तोडू तिची.” मग ते लेकीकडे वळले. “बेटा, दोन मिनिटं डोळे मिटायला काय होतं तुला? सगळे करतात ना?”

क्षितिजा जमिनीकडे बघत म्हणाली, “मी झोपले होते ना पप्पा, त्या दिवशी. जागी असते तर मला वास आला असता. मी आईला उठवलं असतं.”

अमितराव मुलांच्या छोट्या बाकावर खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. हे तिने त्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. आणि या पोरीला आम्ही रोज हुकूम सोडत होतो, मिट डोळे म्हणून! त्या क्षणी मला साखळी तोडून सरांच्या पायावर पडावंसं वाटलं, आणि ते काही नमस्कारासाठी नव्हे.

सर म्हणाले, “हो, हो, वाईट झालं. पण पाहुण्यांचं काय?”

“क्षितिजा कुठेही जाणार नाही सर,” कांचन मॅडम म्हणाल्या. त्यांच्या हाताला पट्टी होती. “चूक माझी आहे. मी तिला विचारलंच नाही कधी. ती वर्गात नसेल तर परवा मी तास घेणार नाही.” सर पाय आपटत निघून गेले. पण त्यांना तास हवा होता, म्हणून क्षितिजा राहिली.

पाहुणे आले, मागे खुर्च्यांवर बसले. मॅडम मुलांना म्हणाल्या, “ज्यांना डोळे मिटायचेत त्यांनी मिटा. ज्यांना नको वाटतं त्यांनी खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघा, आपल्या बोटांकडे बघा. कोणी रागावणार नाही.”

तेवढ्यात क्षितिजा उठून उभी राहिली. “मॅडम, सगळ्यांनी मिटले तरी चालेल. मी बघत राहते. काही झालं तर मी उठवीन सगळ्यांना.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. “किती समजदार मुलगी आहे!” एकाने तर फोटोही काढला. विक्रांत सरांनी खुशीत मॅडमना खूण केली, वाजवा आता.

मॅडमनी हातोडीला हात लावला नाही. त्या जाऊन क्षितिजाच्या शेजारी बाकावर बसल्या. “नाही बेटा. बघायचं काम माझं आहे. तू किती दिवसांची दमलीयेस.”

“तुम्ही नक्की नाही ना मिटणार?”

“नाही मिटणार. माझ्याकडे बघत राहा हवं तर.”

क्षितिजाने डोळे मिटले नाहीत. पण तिने डोकं बाकावर टेकवलं आणि मॅडमच्या तोंडाकडे बघत पडून राहिली. तास संपला तरी मॅडम तिथून हलल्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला डोळे मिटायची भीती वाटत असेल, तर मिटू नका, आणि तसं मोठ्याने सांगा. आणि मोठ्या माणसांनो, तुम्हाला काय सांगू? दहा वर्षांची पोर सगळ्या वर्गाचा पहारा करायला उभी राहिली, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या! पोरांना शांत बसवायची तुम्हाला फार घाई. आधी त्यांच्या शेजारी जागे बसा.