खाल्ल्यावर वाढणारा त्रिकोण

रुमियाना बाईंच्या नोकरीचा आज निकाल होता. त्र्यावना गावातल्या बालवाडीत त्यांना कायम करायचं की नारळ द्यायचा, हे मोठ्या बाई दोचेवा त्यांचा तास बघून ठरवणार होत्या.

पुठ्ठ्याचे आकार मुलांच्या डोक्यात काही केल्या शिरेनात. म्हणून रुमियानांनी घरून कश्कवालचे, म्हणजे आमच्या पिवळ्या चीजचे, काप कापून आणले: चौकोन, त्रिकोण आणि गोल. आपला काप पाठीमागे लपवायचा, नाव न घेता बाजू आणि कोपरे सांगायचे, बाकीच्यांनी ओळखायचं आणि मगच खायचं. मांजराला दुधाची राखण सांगण्यातलाच प्रकार, पण बाई स्वतःच्या युक्तीवर खूश होत्या.

मोठ्या बाई मुलांच्या इवल्या खुर्चीत कशाबशा मावल्या. पहिली उभी राहिली पाच वर्षांची झिव्का. तिला रुमियानांनी स्वतःच्या हाताने त्रिकोण दिला होता, त्यामुळे त्या निर्धास्त होत्या.

“चार बाजू, चार कोपरे,” झिव्का म्हणाली.

पुन्हा मोज गं, असं रुमियानांनी गोडीत सांगितलं, तर पुन्हा चारच. शेवटी काप पुढे आला. त्याचं टोक गायब होतं आणि झिव्काचा गाल फुगलेला होता.

“त्रिकोणच होता, बाई. दात सरळ लावून एक कोपरा खाल्ला, तर दोन आले.”

दोचेवांनी तिला वजाबाकी समजावली. तिनातून एक गेला की दोन उरतात, खाऊन कधी काही वाढत नाही. झिव्काने वाद घातला नाही, फक्त उरलेल्या कापांची ताटली पुढे केली. मोठ्या बाईंनी एक त्रिकोण उचलला, टोक चावलं, मोजलं आणि चष्मा पुसून परत मोजलं. मग कोणी न सांगता दुसरं टोक चावलं. पाच! एवढं बघून सगळा वर्ग कोपरे वाढवायला लागला. रुमियाना मनातल्या मनात सामान बांधत होत्या.

जरा वेळाने दोचेवांनी ओठ पुसले आणि हात पाठीमागे नेला.

“एकही बाजू नाही, एकही कोपरा नाही. ओळखा.”

गोल, गोल, असा गलका झाला. झिव्का मात्र मागून चक्कर मारून आली.

“गोल नाही. संपलंय.”

उद्या येऊ का, असं रुमियानांनी चाचरत विचारलं. मोठ्या बाईंनी मान डावी-उजवीकडे हलवली. आमच्याकडे होकार असाच देतात.

“या,” त्या म्हणाल्या. “पण आज फार कमी आणलं होतं.”